मोहाचे झाड आणि दारूचा ठेका

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हा परिसर ब्रिटिश अमदानीत भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी म्हणून ओळखला जाई आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून गोंदिया वेगळा झाल्यावर तो नव्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आला. या परिसराच्या दक्षिणेस गडचिरोली जिल्ह्याचा कोरची तालुका लागतो आणि पूर्वेस छत्तीसगड राज्य. गोंड, हलबा आणि इतर समाजांची सोयरीक, बाजारहाट आणि देवदेवस्की या हद्दी ओलांडून चालत असते. जंगलही एकच आहे. दारूच्या बाबतीत मात्र इथे तीन वेगवेगळ्या राज्यव्यवस्था एकमेकींना भिडतात. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर दारूबंदी आहे. गोंदियात परवानाधारक खासगी दुकानातून दारू विकत घेता येते. तर छत्तीसगडमध्ये २०१७ पासून शासनाचे महामंडळच दारूची दुकाने चालवते आणि त्याच राज्याच्या कायद्यात आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत मोहाची दारू गाळण्याची सवलत आहे. एकाच मोहाच्या झाडाची फुले कोणत्या गावच्या अंगणात वाळतात यावर त्यांचे नैतिक आणि कायदेशीर भवितव्य ठरावे, अशी ही स्थिती आहे. एखाद्या गोष्टीला तत्त्व म्हणून विरोध करणे म्हणजे नेमके काय आणि तो विरोध कायद्याच्या कलमात उतरला की त्याचे काय होते, हे तपासून पाहण्यासाठी याहून सोयीची जागा विदर्भात क्वचितच सापडेल.

तत्त्वाधिष्ठित विरोध हा हितसंबंधातून होणाऱ्या विरोधापेक्षा वेगळा असतो. धरणात शेत जाणार म्हणून शेतकरी विरोध करतो, तो न्याय्य असला तरी हिताचा विरोध असतो. मोबदला पुरेसा मिळाला तर तो मावळू शकतो. तत्त्वातून होणारा विरोध मोबदल्याने मावळत नाही आणि बहुधा विरोध करणाऱ्यालाच त्याची किंमत मोजावी लागते. सद्सद्विवेकबुद्धी, म्हणजे बरे आणि वाईट यांतला भेद आतून सांगणारी जाणीव, हे अशा विरोधाचे अधिष्ठान मानले जाते. या कारणावरून एखाद्याला कायद्यातून सूट मिळावी हा विचार इंग्लंडच्या कायद्यात प्रथम शिरला तो लष्करभरतीच्या निमित्ताने नव्हे, तर १८९८ च्या लसीकरण कायद्यात, मुलांना देवीची लस टोचून घेण्यास नकार देणाऱ्या पालकांसाठी. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांना ती सूट १९१६ मध्ये मिळाली. महाराष्ट्राच्या भूमीवर या प्रकारच्या विरोधाचे सर्वांत निखळ रूप १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळ पवनार येथे दिसले, जेव्हा गांधीजींनी निवडलेले पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबा भावे यांनी युद्धाला माणूस आणि पैसा देऊ नये असे जाहीर भाषण केले आणि पुढे तुरुंगवास पत्करला. त्या विरोधात मागणी अशी फारशी नव्हतीच. आपण या पापात सहभागी होणार नाही, एवढेच सांगणे होते.

दारूचा विरोध या जातीचा आहे का, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. युद्धाला नकार देणारा स्वतःपुरता नकार देतो. दारूचा विरोधक बहुधा स्वतः पीत नसतोच आणि तो दुसऱ्याने पिऊ नये, विकू नये असे म्हणतो. इथे तत्त्व एकाचे आणि जगणे दुसऱ्याचे बदलायचे असते. मराठी समाजसुधारणेच्या परंपरेने ही अडचण एका विशिष्ट रीतीने सोडवली आहे: तिने पिणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याकडे आणि विकण्याची परवानगी देणाऱ्याकडे बोट दाखवले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीला लेखी हरकत घेतली. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने करावयाच्या खर्चाच्या विरोधात मत देणारे सदस्यही ते एकटेच होते. लोकांच्या पैशाचा आणि लोकांच्या आरोग्याचा विश्वस्त असलेल्या संस्थेने काय करू नये, हा त्या दोन्ही हरकतींमागचा प्रश्न होता. पुढे गाडगे महाराजांच्या कीर्तनांनी आणि विदर्भातील खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या तुकडोजी महाराजांच्या भजनांनी व्यसनाच्या निंदेला लोकभाषा दिली, तर असहकार आणि सविनय कायदेभंगाच्या काळात ताडी-दारूच्या दुकानांसमोरील निरोधनाने, म्हणजे दुकानापुढे उभे राहून गिऱ्हाइकाला परत जाण्याची विनंती करण्याच्या पद्धतीने, स्त्रियांना राजकारणात आणले.

स्वातंत्र्यानंतर हा विरोध राज्यघटनेत गेला. अनुच्छेद ४७ नुसार, औषधी वापर सोडून मादक पेयांची बंदी घडवून आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्रात आजही दारूचा सर्व व्यवहार ज्या कायद्याखाली चालतो त्याचे नाव १९४९ चा दारूबंदी कायदा असेच आहे. त्याच कायद्याखाली दुकानांचे परवाने निघतात, पिणाऱ्याकडेही परवाना असावा अशी अपेक्षा असते, आणि परवाने देऊन महसूल गोळा करणारे राज्य उत्पादन शुल्क खातेच बेकायदा दारूवर छापे घालते. तत्त्व शिल्लक ठेवून व्यवहार उलटा करण्याचे याहून ठसठशीत उदाहरण मराठी राज्यकारभारात दुसरे नसावे.

चिचगडच्या जंगलपट्ट्यात या सर्व चर्चेला एक निराळाच अडसर आहे, आणि तो म्हणजे मोह. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेल्या मोहाच्या फांद्यांवर मांसल, फिकट पिवळसर फुलांचे घोस येतात आणि ती फुले पहाटे आपोआप गळून पडतात. उन्हे चढण्याआधी बायका आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात, कारण दिवस वर आला की गुरे आणि हरणेही त्याच फुलांवर येतात. फुले अंगणात वाळवली की त्यांचा रंग तांबूस-तपकिरी होतो आणि वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. टंचाईच्या दिवसांत हेच फूल उकडून वा भाजून पोटाला आधार देत आले आहे. बीपासून निघणारे तेल स्वयंपाकात आणि दिव्यात वापरले जाते. फुलांच्या विक्रीतून आणि पाठोपाठ मे महिन्यात येणाऱ्या तेंदूपत्त्यातून शेतीच्या हंगामाआधी हातात रोख पैसा येतो. फुले काही दिवस पाण्यात भिजत ठेवली की आंबतात, या आंबवणाला सडवा म्हणतात. सडवा भांड्यात चुलीवर चढवून वरच्या भांड्यातील थंड पाण्याने वाफ गार केली की थेंबथेंब दारू गळते. यासाठी ना कारखाना लागतो, ना भांडवल. मातीची वा धातूची दोन-तीन भांडी, लाकूड आणि वेळ एवढे पुरते.

गोंड समाजाच्या धार्मिक व्यवहारात या दारूला स्थान आहे. पेन म्हणजे कुळाचे दैवत. त्याच्या पूजेत, जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या विधींत मोहाच्या दारूचे थेंब जमिनीवर सोडून पूर्वजांना आणि धरणीला भाग दिला जातो, आणि मग ती उपस्थितांत वाटली जाते. याच जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ असलेल्या कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेला मध्य भारतातून गोंड भाविक येतात; त्या धर्मविश्वात मोहाचे झाड पूज्य आहे. तेव्हा दारूला तत्त्वाने विरोध करणारा कार्यकर्ता जेव्हा या भागात येतो तेव्हा समोर व्यसनी आणि नफेखोर एवढेच नसतात. समोर दुसरे एक तत्त्वही असते, ज्याच्या लेखी दैवताचा भाग नाकारणे हाच अधर्म आहे. बाहेरून आलेल्या सुधारकांनी हे दुसरे तत्त्व बरेचदा अज्ञान या सदरात टाकले, आणि ही त्यांची चूक होती. काही आदिवासी समाजांतूनच दारू सोडण्याच्या भक्तिप्रधान चळवळी उभ्या राहिल्या हे खरे, परंतु तो त्या समाजाने स्वतःशी केलेला वाद होता.

ही गुंतागुंत सोडवण्याची किल्ली ठेका या शब्दात आहे. घरी गाळलेली, सणावारी वाटली जाणारी दारू आणि वर्षाचे बाराही महिने, उधारीवर, पैसे मिळवण्यासाठी विकली जाणारी दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यातील फरक वसाहतीच्या अबकारी धोरणाने घडवला. अबकारी म्हणजे मादक पदार्थांवरील कर. इंग्रजी राजवटीने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावाने ठेकेदारांना देण्यास सुरुवात केली, घरी गाळणे गुन्हा ठरवले आणि मुंबई इलाख्यात तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये खास मोहफुलांच्या साठ्यावरच निर्बंध आणणारा कायदा केला. परिणाम असा झाला की ज्याच्या दारात मोहाचे झाड त्याने फुले व्यापाऱ्याला स्वस्तात विकायची आणि दारू ठेकेदाराकडून महाग विकत घ्यायची. ठेकेदार बहुधा सावकारही असे. दारूची उधारी पिकावर, मजुरीवर आणि शेवटी जमिनीवर फिरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारनेच आदिवासी भागांतील व्यापारी दारूविक्री थांबवून घरगुती वापराची मोकळीक द्यावी असे धोरण राज्यांना सुचवले. छत्तीसगडमधील घरगुती सवलत त्याच विचाराशी जुळणारी आहे. विरोध कशाला करायचा, हे ठरवताना हा भेद मनात ठेवला की बराच गोंधळ कमी होतो.

गडचिरोलीतील चळवळीने सुरुवातीला हा भेद बऱ्याच अंशी पाळला. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च ही संस्था १९८० च्या दशकाच्या मध्यापासून काम करू लागली आणि दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीची मागणी गावोगाव, मुख्यतः स्त्रियांच्या तोंडून, पुढे आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची गोष्ट त्यात वेगळी आहे. देवाजी तोफा यांच्यासह गावाने अभ्यासगट चालवले आणि बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने, म्हणजे एकाचीही हरकत शिल्लक असेपर्यंत चर्चा चालू ठेवून, निर्णय घेण्याची पद्धत स्वीकारली. दारूचा प्रश्न हा त्या पद्धतीपुढे आलेल्या आरंभीच्या प्रश्नांपैकी एक होता आणि तो स्त्रियांनी मांडला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असले तरी गावात आम्हीच सरकार, ही या गावाची घोषणा पुढे देशभर गेली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव लागले. दारूच्या निर्णयाने गावाला एकमेकांना नाही म्हणण्याची आणि तरीही एकत्र राहण्याची सवय लावली, आणि जंगलाचा लढा त्याच सवयीवर उभा राहिला, असे मानण्यास जागा आहे. १९९३ मध्ये शासनाने संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. परंतु कायदा आल्यावर काम संपले नाही, हे २०१६ मध्ये शासन, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांना मिळून दारू-तंबाखू कमी करण्यासाठी मुक्तिपथ हा उपक्रम सुरू करावा लागला यावरून दिसते.

कायद्याने गडचिरोली आणि गोंदिया या दोन शेजाऱ्यांच्या हाती वेगवेगळी हत्यारे दिली आहेत. कोरचीसह गडचिरोलीचा मोठा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांसाठीच्या विशेष तरतुदींत, मोडतो. त्यामुळे तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू होतो आणि त्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मान्य केला आहे. ग्रामसभा म्हणजे निवडलेली पंचायत नव्हे, तर गावातील सर्व मतदारांची सभा, आणि हा अधिकार तिच्यापर्यंत पोहोचतो. हद्दीच्या अलीकडे, चिचगडच्या बाजूला आदिवासींची वस्ती मोठी असली आणि देवरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असले तरी गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसाही नाही. तिथल्या स्त्रियांना दुकान बंद करायचे असेल तर २००८ च्या आदेशातील मार्ग धरावा लागतो: गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी अर्ज करायचा, सह्यांची पडताळणी व्हायची, मग मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे छापून गुप्त मतदान घ्यायचे. आडवी बाटली जिंकण्यासाठी झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे त्या दिवशी मजुरीला बाहेरगावी गेलेली, सासरी गेलेली पण नाव न वगळलेली, किंवा नवऱ्याच्या धाकाने घरी बसलेली प्रत्येक बाई गणितात उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदार किंवा खासदार निवडून येण्यासाठी कोणाला अशी अट नसते. शिवाय या मार्गाने बंद होते ते परवान्याचे दुकान, आणि दुकान बंद झाले तरी पव्वे शेजारच्या गावातून पिशवीत येतच राहतात.

गडचिरोलीच्या पश्चिमेस असलेल्या चंद्रपूर जिल्ह्याने या साऱ्या प्रश्नाचे दुसरे टोक दाखवले. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेच्या पुढाकाराने चिमूरहून हजारो स्त्रिया नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. पुढे १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, मंत्रिमंडळाने ती उठवली. उठवण्याची कारणे ठरावीक होती: बेकायदा दारूचा सुळसुळाट, बुडालेला महसूल, वाढलेले गुन्हे, या धंद्यात ओढली जाणारी मुले आणि स्त्रिया. यातील प्रत्येक कारण खोटे होते असे नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की बंदी आणताना स्त्रियांनी जो मुद्दा मांडला तो न्यायाचा होता आणि बंदी उठवताना शासनाने जे उत्तर दिले ते हिशेबाचे होते. न्यायाच्या मुद्द्याला न्यायाच्या भाषेत उत्तर कुणी दिलेच नाही. चोरी थांबत नाही म्हणून चोरीचा कायदा रद्द करावा असे कोणी म्हणत नाही. दारूविरोधकांचा हा युक्तिवाद जोरकस असला तरी त्यातही एक कच्चा दुवा आहे, कारण चोरीत ज्याचे जाते तो आणि जो नेतो तो वेगळे असतात, तर दारूत पिणारा आणि नागवला जाणारा पुष्कळदा एकच असतो, फक्त त्याच्याबरोबर त्याची बायकोपोरेही नागवली जातात. अमेरिकेने १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी करून पाहिली आणि मागे घेतली, हे उदाहरण भारतीय वादात नेहमी फेकले जाते. पण तिथली बंदी घटनादुरुस्तीने वरून आली होती आणि चिमूरहून निघालेल्या बायांची मागणी घराच्या ओसरीवरून आली होती, हा फरक विसरला जातो.

तरीही, तत्त्वाच्या विरोधाची परीक्षा त्याचा दंड कोणावर पडतो यावरून व्हायला हवी, आणि इथे चळवळींनी स्वतःला अवघड प्रश्न विचारले पाहिजेत. राळेगणसिद्धीला दारू सुटण्यासाठी पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्याची पद्धत काही काळ होती. गाव सुधारले या कौतुकात ती खपून गेली, पण मार खाणाऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी माराने जागी होते असे गृहीत धरणारा विरोध नैतिक म्हणायचा की नाही, हा प्रश्न उरतोच. जंगलपट्ट्यात हा प्रश्न अधिक बोचरा आहे. बंदीच्या जिल्ह्यात मोठा पुरवठा बाहेरून, वाहनांतून, पैसेवाल्या साखळ्यांमार्फत येतो, आणि छाप्यात सापडतात ते बरेचदा झुडपात पुरलेले सडव्याचे ड्रम आणि ते लावणारा एखादा भूमिहीन माणूस किंवा एखादी विधवा. गावची महिला संघटना ड्रम ओतून देते तेव्हा ओतणारी आणि जिचे ओतले ती पुष्कळदा एकाच टोल्यातल्या, एकाच पाणवठ्यावरच्या असतात. ज्या गावांनी ओतण्याआधी त्या बाईच्या पोटापाण्याचा विचार सभेत केला, तिथले निर्णय अधिक टिकाऊ ठरावेत हे उघड आहे. ज्या गावांनी पोलिसांना फोन करून मोकळे होणे पसंत केले, तिथे भट्टी फार तर नाल्याच्या पलीकडे सरकते.

ठेक्याच्या दारूला विरोध करणाऱ्या आणि मोहाच्या दारूला दैवताचा भाग मानणाऱ्या बाईच्या मनात हे दोन्ही विचार एकमेकांना धक्का न लावता राहू शकतात. कायद्याच्या मनात ते राहू शकत नाहीत. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील जुने निर्बंध उठवले, त्यामुळे चिचगडच्या बाजारात वाळल्या फुलांचे पोते आता उघडपणे विकता येते आणि त्यापासून लाडू, सरबत वा मनुक्यासारखा सुका खाऊ करण्याला शासकीय योजनांतून उत्तेजनही मिळते. तेच फूल मडक्यात घालून त्यावर पाणी ओतले आणि ते आंबू लागले की दारूबंदी कायद्याचे कलम ६५ लागू होते, आणि पंचनाम्यात त्याची नोंद लिटर आणि किमतीसह मोहसडवा या नावाने केली जाते.